होस्टेल आणि रसवंती



बरेच दिवस इकडे काही लिहिणे झाले नाही. एक तर डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि दुसरे म्हणजे घरातले वातावरण जरा तंग होते. आज त्या वातावरणाबद्दलच लिहितो. विषय तसा इतिहासाचा आहे (निवृत्त मास्तर दुसरे काय लिहिणार!), पण सुरुवात आमच्या स्वयंपाकघरापासून करावी लागते.

माझी नात, वय वर्षे सव्वीस. पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, हिंजवडीला चार वर्षे नोकरी केली, पगार बापाच्या पगाराच्या पुढे गेला आणि एक दिवस येऊन सांगते, "आजोबा, मी ऑस्ट्रेलियाला चाललेय. एक वर्ष. फिरायला." एक वर्ष फिरायचे म्हणजे पैसे कोण देणार? तर म्हणे, तिथेच काम करायचे, चार पैसे साठले की पुढच्या गावाला जायचे. मी विचारले, "काम कसलं?" म्हणाली, "मिळेल ते."

मिळाले ते असे. क्वीन्सलंड प्रांताच्या उत्तर भागात केर्न्झ नावाचे शहर आहे. तिथे पाठीवर पिशव्या टाकून हिंडणाऱ्या तरुण मुलामुलींच्या एका होस्टेलात ती राहिली. सकाळी तीन तास खोल्या झाडायच्या, चादरी-उशांचे अभ्रे बदलायचे, सामाईक स्वयंपाकघरातले ओटे पुसायचे; त्याच्या बदल्यात आठ जणींच्या खोलीतला वरचा एक पलंग फुकट. दुपारी एका ज्यूस बारमध्ये गाजर, सफरचंद, आले, अननस यंत्रात घालून गिऱ्हाइकांना रस काढून द्यायचा आणि ग्लास विसळायचे. याचे मात्र तासावर पैसे. १ जुलै २०२५ पासून त्या देशात किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले, हे तिनेच मला सांगितले. माझ्यासारख्या माणसाने त्याचे रुपये करायला घेऊ नयेत. मी केले, आणि मग बराच वेळ माझ्या १९७३ सालच्या पहिल्या पगाराचा विचार करत बसलो.

घरी काय झाले ते वेगळे सांगायला नको. कॉलनीत कोणी विचारले की सूनबाई सांगायच्या, "हॉस्पिटॅलिटीत आहे." शब्द मोठा असला की त्यामागचा झाडू दिसत नाही. मुलगा मात्र सरळ होता. त्याने फोनवर तिला एकच वाक्य ऐकवले, "इतकं शिकून शेवटी रसच गाळायचा होता का?" आणि त्यानंतर तिच्याशी बोलणे सोडले. तिचा फोन आला की तो उठून गॅलरीत जायचा.

ते वाक्य ऐकले आणि मला आतून काहीतरी टोचले. ते का, हे पुढे येईलच.

आधी त्या व्हिसाबद्दल. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात एक व्यापार करार झाला. २ एप्रिल २०२२ ला सह्या झाल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. त्यात एक कलम असे आले की अठरा ते तीस वयाच्या एक हजार भारतीय तरुणांना दर वर्षी वर्षभर हिंडता हिंडता काम करायची परवानगी मिळेल. २०२४ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा नावनोंदणी झाली. एक हजार जागांसाठी पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या आसपास अर्ज. शेवटी चिठ्ठ्या टाकून नावे काढली, त्यात आमच्या बाईसाहेबांचे नाव निघाले. घरात कधी कोणाला लॉटरी लागली नव्हती, ती अशी लागली!

पण मला त्यातले वर्ष महत्त्वाचे वाटते. ऑस्ट्रेलियाने ही सोय इंग्लंड, आयर्लंड आणि कॅनडाच्या पोरांना दिली १९७५ साली. म्हणजे गोऱ्यांची मुले पन्नास वर्षे द्राक्षे तोडत, बशा धूत जग बघत होती, आणि आपल्याकडच्या मुलांना ते दार उघडले २०२४ मध्ये. त्याआधीचा इतिहास तर विचारूच नका. १९०१ साली त्या देशाने कायदाच केला की गोऱ्यांखेरीज इतरांना आत घ्यायचे नाही. कायद्यात तसे लिहिले नव्हते. युक्ती अशी की बंदरावर उतरलेल्या माणसाला कुठल्याही युरोपीय भाषेतला उतारा लिहायला लावायचा. इंग्रजी येत असेल तर दुसऱ्या भाषेतला घालायचा. शुद्धलेखनाचा असा उपयोग कुठल्या मास्तराला सुचला नसता. ती परीक्षा १९५८ मध्ये गेली आणि धोरण पुरते संपायला १९७३ उजाडले. मी वालचंदनगरला शिक्षक म्हणून रुजू झालो ते हेच वर्ष.

आता योगायोग बघा. केर्न्झ हा सगळा उसाचा मुलूख. नातीने एकदा फोटो पाठवला: रस्त्याच्या कडेला पुरुषभर उंचीचा ऊस, मधून छोटी आगगाडी चाललेली आणि तिच्या लोखंडी डब्यांत उसाची कांडकी. खाली लिहिले होते, "आजोबा, घर!" मी तो फोटो मोठा करून पाहिला. पाचट आपल्यासारखेच होते. फक्त बैलगाडी नाही, कोयता नाही, उसाच्या फडाशेजारी कोप्या नाहीत.

कोप्या नाहीत, पण एके काळी होत्या. क्वीन्सलंडच्या उसाला गोरा मजूर मिळेना, म्हणून १८६३ पासून प्रशांत महासागरातल्या बेटांवरून माणसे आणली. चाळीस वर्षांत बासष्ट हजारांच्या आसपास. काही कराराने आली, काही फसवून, काहींना तर सरळ पळवून जहाजात घातले. जमीन साफ झाली, ऊस उभा राहिला, आणि मग १९०१ च्या कायद्याने सांगितले, आता परत जा. १९०६ ते १९०८ या काळात बहुतेकांची पाठवणी झाली. (जाता जाता एक गंमत. उसाच्या मुळांवर हुमणी पडते म्हणून १९३५ साली याच भागात हवाई बेटांवरून शंभरेक मोठे बेडूक आणून सोडले. त्यांनी हुमणी सोडून बाकी सगळे खाल्ले आणि आता ते देशाचा मोठा भाग व्यापून बसले आहेत. हुमणीने आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनाही जेरीस आणले आहे, पण बेडकाची कल्पना अजून कोणी काढलेली नाही. काढू नये.)

आपली माणसेही उसासाठी समुद्रापार गेली. मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटिये जाऊ लागले. साडेचार लाखांवर भारतीय त्या बेटावर उतरले, त्यात मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरल्यावर त्यांना एका आगारात ठेवत, नाव, गाव, अंगावरच्या खुणा लिहून घेत आणि मग मळ्यावर धाडत. त्या आगाराच्या पायऱ्या, खोल्या अजून आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. तिथे गणेश चतुर्थीला आजही सरकारी सुट्टी असते. ते आगार म्हणजेही एक होस्टेलच. फरक इतकाच की तिथून पुढच्या गावाला कधी जायचे, हे राहणाऱ्याच्या हातात नव्हते.

आणि आपले वालचंदनगर? शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. रेल्वेची कंत्राटे, बोगदे, १९१९ मध्ये मुंबईहून लंडनला गेलेली लॉयल्टी बोट, हे सगळे शाळेत मी इतक्या वेळा शिकवले आहे की इथे पुन्हा सांगत नाही. नीरेच्या कालव्यांचे पाणी आले, कळंबच्या माळावर मार्सलँड प्राइस कंपनीच्या नावाने शेती सुरू झाली, १९३२ साली सरकारने देशी साखरेला जकातीचे संरक्षण दिले आणि त्या दशकात माळावर कारखान्याची चिमणी उभी राहिली. पुढे साखर करता करता साखरेची यंत्रे करू लागले, मग सिमेंटची, मग अणुभट्टीचे आणि अग्निबाणाचे भाग. साखरेचा गळीत हंगाम इथून गेला, पण आमच्या पिढीच्या नाकात तो मळीचा वास अजून आहे. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला त्या वासाशिवाय झोप लागायची नाही.

सांगायचा मुद्दा असा, की आमचे गाव हे पोटासाठी बाहेरून आलेल्यांचेच गाव. बीडकडून ऊसतोडीला येणारी बिऱ्हाडे, कोकणातले फिटर, सोलापूरचे कारकून आणि कऱ्हाडजवळच्या खेड्यातून आलेला मी. पहिले वर्ष मी पण एका खोलीत चौघे असा राहिलो, खानावळीत जेवलो आणि स्वतःचे ताट स्वतः घासले. त्याला कोणी हॉस्पिटॅलिटी म्हणाले नाही.

नातीच्या निमित्ताने मी कपाटातली पुस्तके पुन्हा काढली. प्रवास करता करता पोट भरणे, किंवा पोट भरण्यासाठी प्रवास करणे, हे आपल्याकडे इतके लाजिरवाणे कधीपासून झाले, हे मला पाहायचे होते.

मराठीतले पहिले थोर प्रवासवर्णन कोणाचे? वरसईच्या विष्णुभट गोडशांचे. वरसई पेणजवळ. घरात कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल, असे कानावर आले म्हणून हा भिक्षुक तरुण रामभटकाकांना बरोबर घेऊन १८५७ साली उत्तरेकडे निघाला. म्हणजे निघाला कशाला? कामाला! वाटेत बंड पेटले. झाशीच्या वेढ्यात सापडला, मिळवलेले लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा गेले. शेवटी घरी पोचला तो आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. ती हकीकत पुढे चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापली आणि आज १८५७ चा अभ्यास करणाऱ्या कोणालाही ती वगळता येत नाही. ठरलेल्या नोकरीच्या माणसाकडून हे पुस्तक झाले नसते. दक्षिणेच्या शोधात गावोगाव मुक्काम करणाऱ्या, कुठे ओसरीवर तर कुठे धर्मशाळेत पथारी टाकणाऱ्या माणसाकडूनच ते झाले.

दुसरे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. आमच्या लहानपणी हे नाव पाठ्यपुस्तकात नव्हते, आणि मला वाटते ही चूकच होती. वीणा गवाणकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, ते जरूर वाचा. स्वातंत्र्यासाठी सैनिकी शिक्षण घ्यायचे म्हणून हा मुलगा जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला. खिशात फारसे काही नाही. मिळेल ती मजुरी करायची आणि शिकायचे. त्या वेळी त्या किनाऱ्यावरच्या बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांची हीच रीत होती: सुट्टीत फळबागांत, लाकडाच्या वखारींत, एरवी कुणाच्या घरी किंवा खानावळीत बशा धुवायच्या. खानखोजे शेतीशास्त्र शिकले, ओरेगॉनला आणि वॉशिंग्टन राज्यात. १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली तिच्या आरंभीच्या माणसांत ते होते. महायुद्धात इराणच्या बाजूला लढले. मायदेशी परतण्याची वाट बंद झाली तेव्हा १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्यावर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर चित्र काढले आहे. एका टेबलाभोवती माणसे बसली आहेत आणि मध्यभागी भाकरी वाटणारा माणूस आहे, तो आपला खानखोजे. १९६७ साली नागपूरला ते गेले. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर, आणि आमच्याकडे त्याचे नाव विचारले तर दहांतले नऊ जण मान हलवतात.

त्यांच्याच चळवळीतला आपल्या पुणे जिल्ह्याचा मुलगा म्हणजे तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे. १९११ मध्ये अमेरिकेला गेला, सिअॅटलला इंजिनिअरिंग शिकत होता. गदरवाल्यांचे सॅन फ्रान्सिस्कोतले ठाणे, युगांतर आश्रम, हे छापखाना आणि वसतिगृह दोन्ही होते. एकत्र राहायचे, एकत्र रांधायचे आणि पत्र छापून जगभर धाडायचे. पिंगळे १९१४ च्या नोव्हेंबरात परत आला, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात, कर्तारसिंग सराभा आणि इतर पाच जणांबरोबर फासावर गेला. वय सत्तावीसच्या आसपास. माझ्या नातीपेक्षा एखाद्या वर्षाने मोठा. इथे मी दरवेळी थांबतो. वर्गातही थांबायचो.

जयप्रकाश नारायण मराठी नव्हेत, पण आमच्या पिढीला ते घरचेच. १९२२ ते १९२९ अमेरिकेत होते. पहिले काम कॅलिफोर्नियातल्या द्राक्षांच्या मळ्यात, बेदाणे वाळवायचे. मग फळांच्या कारखान्यात, मग हॉटेलात बशा धुवायला. बारामती-इंदापूरकडे द्राक्षाच्या बागा झाल्यापासून छाटणीला आलेली पोरे दिसली की मला हे आठवते. विठ्ठल कामतांनी तर स्वतःच लिहून ठेवले आहे की हॉटेलधंदा शिकण्यासाठी ते लंडनला गेले आणि एका भारतीय उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात राबले. त्यांचे पुस्तक आमच्या कॉलनीत घरोघर वाचले गेले. वाचणाऱ्यांपैकी एकालाही त्यात लाजेचे काही वाटले नाही, कारण शेवटी पंचतारांकित हॉटेल होते!

हे सगळे मी एका संध्याकाळी मुलाला ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाबा, ते सगळे कशासाठी तरी गेले होते. ही कशासाठी गेलीय?"

प्रश्न खोटा नव्हता. खानखोजे आणि पिंगळे यांच्या पंक्तीला मी नातीला बसवत नाही, ती स्वतःही बसणार नाही. ती समुद्र बघायला गेली. पाण्याखालची प्रवाळे बघायला गेली. तिच्याजवळ पदवी आहे, परतीच्या तिकिटाचे पैसे आहेत, आणि कंटाळा आला तर हिंजवडी आहे. चादरी बदलणे तिला सोपे जाते ते यामुळे. बेटांवरून आणलेल्या त्या मजुराला, मॉरिशसच्या गिरमिटियाला, कोपीतल्या बाईला यातले काही नव्हते. हा फरक मी विसरलेलो नाही. पण मग उलट प्रश्न असा, की आमच्याच घरी रोज सकाळी एक बाई येऊन भांडी घासते, तिचे आम्हाला काही वाटत नाही. तीच भांडी आमच्या मुलीने घासली की घराण्याची अब्रू कशी जाते? कामाची लाज आहे, की ते काम कोणी करायचे ते आपण ठरवून ठेवले आहे त्याची?

मुलाला हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. कारण ते वाक्य मुळात त्याचे नव्हतेच, ते माझे होते.

आता रसवंतीकडे येतो. मुंबई-पुण्यात, महाराष्ट्रात कुठेही जा, रसाच्या दुकानावर पाटी बहुधा एकच: कानिफनाथ रसवंती गृह. नाहीतर नवनाथ. लोकांना वाटते ही एखादी कंपनी आहे. कंपनी वगैरे काही नाही. सासवडजवळ पुरंदर तालुक्यात बोपगाव आहे, त्याच्या डोंगरावर कानिफनाथांचे देऊळ. गाभाऱ्यात जायची वाट इतकी लहान की पुरुषांना सदरा, पट्टा काढून सरपटत आत जावे लागते. पुरंदरचा हा भाग पाण्याला पारखा. उन्हाळ्यात शेतात काम नाही, म्हणून इथली आणि आसपासच्या गावांची माणसे उन्हाळ्यापुरती शहरात जाऊन उसाचा रस विकू लागली. एकाने भाऊ नेला, भावाने मेहुणा नेला. दुकानावर नाव मात्र गावच्या नाथाचे. आधी घाणा बैल ओढायचा, त्याच्या गळ्यात घुंगरे असत. पुढे बैल गेला, विजेची मोटर आली, पण घुंगरे काही गेली नाहीत; ती यंत्राच्या चाकाला बांधली. गिऱ्हाइकाला लांबून आवाज ओळखू आला पाहिजे ना!

१९९० चा फेब्रुवारी. माझ्याकडे दहावीचा वर्ग. वर्गात पुरंदरकडचा एक मुलगा होता, वडील इथे कारखान्यात कामाला. मुलगा गणितात बेताचा, पण इतिहासाच्या सनावळ्या तोंडपाठ. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात तो गायब झाला. आठ-दहा दिवसांनी आला. ठाण्याला चुलत्याची रसवंती होती, चुलता आजारी पडला, ऐन हंगामात दुकान बंद ठेवता येईना, म्हणून याला पाठवले होते. त्याने हे उभे राहून नीट सांगितले. मी साऱ्या वर्गासमोर म्हणालो, "शिकायचं नसेल तर बस जन्मभर रस गाळत."

वर्ग हसला. तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी आला नाही, बोर्डाच्या परीक्षेलाही बसला नाही. मी त्याच्या घरी जायला हवे होते. चालत सात-आठ मिनिटांचे अंतर. गेलो नाही.

२००४ च्या मे महिन्यात एका लग्नासाठी ठाण्याला गेलो होतो. स्टेशनाबाहेर घुंगरांचा आवाज आला, पत्नी म्हणाली, रस घेऊ. बाकड्यावर बसलो तर यंत्रामागचा माणूस निरखून पाहायला लागला. "सर ना? वालचंदनगर?" मी ओळखले नाही, नाव सांगितल्यावर ओळखले. त्याने पोऱ्याला बाजूला केले आणि स्वतः ऊस निवडला, लिंबू-आले जास्त घातले. म्हणाला, "सरांना बिनबर्फाचा. सरांचा घसा बसतो." पंधरा वर्षांपूर्वीचा माझा घसा त्याच्या लक्षात होता. पत्नीने घरदार विचारले तेव्हा सांगू लागला. पहिली सहा वर्षे दुकानातच झोपला, यंत्राच्या वर फळ्या ठोकून माळा केला होता त्यावर, आणखी दोघांबरोबर. रात्री शटर खाली ओढले की तेच होस्टेल. पावसाळ्यात गावी जाऊन शेत बघायचे. मुलगी शाळेत होती, तिला इतिहास आवडतो म्हणाला. पैसे काही केल्या घेईना. निघताना हसून म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसं गाळतोय, सर."

त्या हसण्यात कडवटपणा होता की नव्हता, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवे होते. लोकलची वेळ झाली आहे असे सांगून निघालो. पुढे एकदा मुद्दाम गेलो तर त्या जागी मोबाइलचे दुकान झाले होते. शेजारच्यांना विचारले, कोणाला काही सांगता आले नाही.

हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते. वर्गातली गोष्ट पत्नीलासुद्धा नाही. परवा, म्हणजे मुलाने तो "कशासाठी" चा प्रश्न विचारला त्या रात्री, त्याला सांगितले. ते वाक्यही सांगितले, जसेच्या तसे.

मुलगा म्हणाला, "मला माहीत आहे, बाबा. मी त्याच वर्गात होतो. तो माझ्या बाकावर बसायचा."

खरेच की. माझ्या डोक्यातून ते साफ गेले होते. तो पण दहावीलाच, माझ्याच वर्गात. मुले हसली होती त्यात तोही असेल किंवा नसेल, मी विचारले नाही. त्यानेही पुढे काही सांगितले नाही. बराच वेळ आम्ही दोघे तसेच बसलो, मग तो उठून झोपायला गेला.

रविवारी नेहमीप्रमाणे नातीचा फोन आला. मी तो टेबलावर उभा करून ठेवला. ती सांगत होती की ज्यूस बारच्या मालकाने उसाचा रस काढायचे छोटे यंत्र आणले आहे. ऊस तिथे हवा तेवढा, पण रस फार कमी निघतो आणि चिपाडे ओलीच राहतात. मालक यंत्र परत करायला निघाला आहे. "आजोबा, आपल्याकडे कसं करतात?" मला काय कर्म माहीत! मी आपला रस पिणारा. मुलगा टीव्हीसमोर बसला होता, आवाज बंद होता. मान न वळवता म्हणाला, "तिला विचारा, रोलरमधलं अंतर किती ठेवलंय."

मी म्हटले, "तूच विचार."

तो उठला, फोनसमोर येऊन बसला, चष्मा पुसला. आधी नुसते यंत्र दाखव म्हणाला. मग आत शिरण्याच्या बाजूची फट जास्त आणि बाहेर पडण्याच्या बाजूची कमी का ठेवायची, ऊस तासून कांड्या किती लांबीच्या करायच्या, चिपाड दुमडून दुसऱ्यांदा कसे घालायचे, हे सगळे हातवारे करून सांगू लागला. मध्येच कागद मागितला आणि त्यावर तीन गोल काढून कॅमेऱ्याला दाखवले. ती पलीकडून पाना घेऊन आली. सूनबाई दोनदा येऊन ताटे वाढल्याचे सांगून गेल्या. तिसऱ्यांदा निघाल्या तेव्हा मी त्यांना दारातच थांबवले.